वाचकांचे प्रश्न : बॅकरेस्ट आणि कॅरिअर

प्रश्न : माझ्याकडे ३५० सीसीची मोटारसायकल आहे. दिवाळीनंतर सौ.ला घेऊन विजापूरमार्गे हंपीला जाण्याचा बेत आहे. तिची कंबर दुखते, म्हणून बॅकरेस्ट आणि त्यालाच जोडलेले कॅरिअर बसवण्याचा विचार आहे. तयार सेट घ्यावा की येथील फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : प्रवास एका बाजूने सुमारे ३०० किलोमीटरचा असल्याने आधी बसणाऱ्याचा आणि मग सामानाचा विचार करावा. गाडी डबल स्टँडवर लावून, हेल्मेट घालून आपण दोघांनी बसून पाहावे. बॅकरेस्टची गादी सौभाग्यवतींच्या कमरेच्या खोलगट भागाला अलगद लागली पाहिजे. ती फार पुढे आली, तर त्या आपल्या पाठीवर ढकलल्या जातील आणि प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आपटेल. फार मागे राहिली, तर टेकण्यासाठी त्यांना रेलावे लागेल आणि कमरेचे दुखणे वाढेल. त्यामुळे गादी मागेपुढे सरकवता येईल अशा लांबट खाचांचा सेट मिळाल्यास तोच घ्यावा. (साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणार असल्यास बॅकरेस्टचा खर्च वायाच जाईल.)

बॅकरेस्ट बसवताना काही ठिकाणी मूळ ग्रॅब रेल (मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा) आणि सोबत साडी गार्डही काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागचे चाक निदान निम्मे झाकणारे संरक्षण आवश्यक आहे, हे दुकानदाराला आधीच सांगावे.

फॅब्रिकेशनवाल्याच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. जाड पाइप आणि पक्के वेल्डिंग आपल्या गावात सहज मिळते. चूक होते ती बसवताना. पत्र्याच्या मडगार्डला भोके पाडून कॅरिअर आवळले, की खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्या भोकांपासूनच पत्रा चिरत जातो, म्हणून आधार चासीच्या मूळ बोल्टवरच घ्यावा. तेथेही एक खोच आहे. कॅरिअरची पट्टी पाच मिलिमीटर जाड असेल, तर जुना बोल्ट आत तेवढाच कमी शिरतो आणि मोजक्याच आट्यांवर सगळा भार येतो. बोल्ट तेवढा लांब, मूळच्याच आट्यांचा आणि मूळच्याच ग्रेडचा घ्यावा. हा ग्रेड डोक्यावर ८.८ अशा आकड्यांत कोरलेला असतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, म्हणजे विजापुरात चहाला थांबाल तेव्हा, सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

कॅरिअर मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे येत असल्याने तेथील ओझ्याने पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल डुलू लागते. तेथे कपड्यांसारखे हलके सामानच ठेवावे. हत्यारे आणि पाण्याच्या बाटल्या सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सॅडल बॅगमध्ये, शक्य तितक्या खाली व पुढे ठेवाव्यात. पाहुण्यांसाठी घेतलेल्या सोलापुरी चादरींचा गठ्ठा कॅरिअरवर रचण्याचा मोह मात्र आवरावा! निघण्यापूर्वी मागच्या शॉकअपची स्प्रिंग आणि टायरची हवा दोघांच्या वजनाप्रमाणे, गाडीच्या पुस्तिकेत दिल्यानुसार, वाढवून घ्यावी.

प्रश्न : सॅडल बॅगसाठी वेगळा स्टे लागतोच का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : होय. स्टे म्हणजे बॅगेला आतल्या बाजूने आधार देणारी दांडी. ती नसेल तर भरलेली बॅग आत झुकून चाकाला घासते किंवा सायलेन्सरवर टेकून जळते. बॅग लावल्यावर मागचे इंडिकेटर आणि नंबर प्लेट दिसत आहे ना, हेही मागे उभे राहून पाहावे.