‘फोर’ ओरडायला लाजू नका, आणि गोल्फ कोर्सवरचे बाकीचे प्रश्न

पावसाळा सरला की पुण्यात खेळणारे एकदम वाढतात, येरवड्याला काय किंवा बावधनच्या टेकडीवर ऑक्सफर्डच्या गोल्फ कोर्सला काय, उजाडायच्या आत गाड्या लागलेल्या असतात. नवीन लोक येतायत, लेकी-सुना, पोरंटोरं, आयटीवाले, याचा मला मनापासून आनंद आहे. मी एकोणीस वर्षं खेळतेय आणि त्यातली बरीच वर्षं स्पर्धांमध्ये नियमांचं काम बघतेय. या वेळी वाचकांकडून स्विंगबद्दल एकही प्रश्न नाही, सगळे वागण्याबद्दलचेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : आठ महिने झाले खेळतोय. परवा माझा ड्राइव्ह स्लाइस होऊन (वाकडा वळून) शेजारच्या फेअरवेवर (गवत कापलेल्या खेळायच्या पट्टीवर) गेला आणि एका काकांच्या ट्रॉलीवर आदळला. बॉल तिथवर जाईल असं वाटलं नाही म्हणून मी ‘फोर’ (म्हणजे ‘बॉल येतोय, सांभाळा’) असं ओरडलो नाही. त्यांनी सगळ्यांसमोर झापलं. नवशिक्याला एवढं बोलायचं का? (कोथरूड)

हो, बोलायलाच हवं होतं. तुमच्यावर राग धरून म्हणत नाहीये, माझ्या हातून जे झालं ते सांगते म्हणजे कळेल.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. थ्री वूडने (लांब मारायच्या क्लबने) मारलेला माझा बॉल हुक झाला आणि डावीकडच्या झाडांकडे गेला. तिथे पुढच्या ग्रुपचा कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) उकिडवा बसून बुटाची नाडी बांधत होता. मला तो दिसला होता, पण वाटलं बॉल फांदीला अडेल, उगाच कशाला बोंब मारायची. हा विचार करण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात बॉल त्याच्या खांद्यावर बसला. मी धावत गेले, त्याने शर्टाची कॉलर बाजूला केली तर कातडीवर लाल गोल वळ उठला होता आणि त्यात बॉलवरच्या बारीक खळग्यांचा ठसा जसाच्या तसा उमटलेला. चार बोटं वर लागला असता तर कानाच्या मागे होता. आणि तो पोरगा मलाच म्हणाला, मॅडम काही नाही झालं, तुमचा बॉल चांगल्या लायवर (जागेवर) आहे. मी राऊंड तिथेच सोडली, बर्फ लावला, एक्स-रे काढून आणला, नशिबाने हाड शाबूत होतं. पण तो ठसा अजून डोळ्यांसमोर आहे.

बॉलचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, म्हणजे मुठीत धरला तर काहीच वाटत नाही, पण आपल्यासारख्या हौशी माणसाच्या ड्रायव्हरवरूनही तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. तेव्हा पोचेल की नाही याचा हिशोब करत बसायचंच नाही, बॉल वाकडा गेला असं दिसलं की त्याच क्षणी पोटातून ‘फोऽऽर’, आणि जमलं तर पुढे ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’. फोरबॉलमधल्या चौघांनी आणि कॅडींनीही ओरडायचं, ज्याचा शॉट त्यानेच ओरडायचं असं काही नसतं. त्यात लोहगावचं विमान डोक्यावरून जात असेल तर पुढच्याला काही ऐकूच येत नाही, मग एक मिनिट थांबून मारा ना, काय बिघडतं. आणि ‘फोर’ आपल्या कानावर आलं तर कुठून आलं म्हणून मान वर करून बघू नका (सगळे नवीन लोक हेच करतात), आवाजाकडे पाठ करून डोकं दोन्ही हातांनी झाका आणि बॅगेच्या किंवा झाडाच्या आड वाका.

बॉल चुकून कोणाला किंवा कोणाच्या ट्रॉलीला लागला तर पेनल्टी काही नाही, जिथे थांबला तिथून खेळायचा. पण आधी चालत त्या माणसापर्यंत जायचं आणि माफी मागायची, लांबून हात वर करणं पुरेसं नाही. त्या काकांना पुढच्या रविवारी भेटा, मला खात्री आहे ते चहा पाजतील.

प्रश्न : मी माझ्या सासऱ्यांकडून गोल्फ शिकले. ते आता ७४ वर्षांचे आहेत, हळू खेळतात, बॉल शोधत बसतात. मागच्या ग्रुपने दोनदा मुद्दाम आमच्या जवळ बॉल मारला. बाबांना कसं सांगू, की खेळणंच बंद करायचं? (औंध)

बंद अजिबात नका करू! आणि आधी दुसरी गोष्ट, मागून बॉल मारणं हा शुद्ध माजोरडेपणा आहे, त्यात हळू कोण खेळत होतं हा प्रश्नच येत नाही. टी-टाइम (खेळ सुरू केल्याची वेळ) लिहून ठेवा आणि मार्शलला किंवा स्टार्टरला त्याच वेळी सांगा, घरी येऊन चिडून उपयोग नाही.

आता बाबांचं. हळू चालणं आणि हळू खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांची १८ होल साधारण सव्वाचार-साडेचार तासांत व्हावीत, आणि वेळ जातो तो पायांमुळे नाही तर शॉटच्या आधीच्या चुळबुळीत, चार प्रॅक्टिस स्विंग, ग्लोव्ह काढा-घाला, पट (होलकडे बॉल ढकलायचा शॉट) मारून झाल्यावर ग्रीनवरच (होलभोवतीच्या बारीक गवतावर) उभं राहून कार्ड लिहिणं. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा बॉल शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली, हे जुन्या खेळाडूंना खरंच माहीत नसतं. आपली वेळ आली की ४० सेकंदांत शॉट मारावा अशी शिफारसही आहे. बॉल सापडेल की नाही अशी शंका वाटली तर आधीच ‘प्रोव्हिजनल (तात्पुरता बॉल) मारतोय’ असं स्पष्ट बोलून दुसरा बॉल मारून ठेवायचा, तो शब्द उच्चारला नाही तर दुसराच बॉल चालू धरला जातो. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) ज्याची तयारी झाली त्याने मारावं, लांबच्याची वाट बघू नये. फ्लॅग होलमध्ये ठेवून पट मारला तरी आता चालतं, तेवढंच एक जाणं-येणं वाचतं.

हे सगळं बाबांना चुका दाखवल्यासारखं नका सांगू. ‘बाबा, नियम बदललेत, आपण आज नव्या नियमाने खेळून बघू’ म्हणा आणि शोधायची तीन मिनिटं मोजायचं काम त्यांच्याकडेच द्या. पुढे एक होल रिकामं पडलं असेल आणि मागचे खोळंबले असतील तर बाजूला होऊन त्यांना हाताने खूण करा, जाऊ द्या पुढे. यात कमीपणा नाही, माझ्या ओळखीतले सगळ्यात चांगले खेळाडू हे सगळ्यात आधी करतात.

प्रश्न : फेअरवेवर थांबलेला माझा बॉल कुत्र्याने तोंडात धरून पळवला. आम्ही अर्धा तास वाद घातला. (विमाननगर)

वाद कशाला! कुत्रा, कावळा, घार, सगळी बाहेरची बाधा. तुम्ही पळवताना बघितलंत ना, मग बॉल होता त्या जागेवर, नक्की आठवत नसेल तर अंदाजाने, दुसरा बॉल ठेवायचा आणि पुढे खेळायचं, पेनल्टी शून्य. फक्त खात्री हवी, ‘बहुतेक कुत्र्यानेच नेला असेल’ एवढ्यावर चालत नाही, तो हरवलेला बॉल.

प्रश्न : आमचे डायरेक्टर रफमध्ये (वाढलेल्या गवतात) बॉल पायाने हळूच सरकवतात. मी दोनदा पाहिलंय. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. मी काय करू? (हिंजवडी)

तुमची अडचण समजते, नोकरीचा प्रश्न आहे. पण हे चालवून घ्या असं माझ्याच्याने लिहिलं जाणार नाही. या खेळात रविवारी सकाळी अंपायर नसतो, ज्याचं कार्ड त्यानेच खरं ठेवायचं, त्यावरच सगळं चाललंय. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सचा क्लब गवताला टेकला आणि बॉल किंचित हलला, दुसऱ्या कोणाला दिसलंही नाही, त्याने स्वतःहून एक स्ट्रोक लावून घेतला आणि शेवटी बरोबरी होऊन प्लेऑफमध्ये तो हरला. जिंकला असता तर कोणाला कळलंही नसतं.

आता व्यवहाराचं बोलू. मैत्रीची राऊंड असेल तर पहिल्या टीवरच सगळ्यांसाठी ठरवून टाका, ‘आज रफ वाढलंय, सगळेच प्लेसिंग करूया का (बॉल उचलून बऱ्या जागी ठेवूया का)?’ म्हणजे त्यांनाही चोरून सरकवायची गरज राहत नाही. पावसाळ्यात कमिटी स्वतःच प्रेफर्ड लाय (अशीच बॉल बऱ्या जागी ठेवायची सूट) जाहीर करते, तेव्हा तर प्रश्नच नाही. पण स्पर्धा असेल, हँडिकॅपचं (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचं) कार्ड असेल, तर गोष्ट वेगळी. मुद्दाम हलवलेल्या जागेवरून खेळलं तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोक लागतात, आणि पेनल्टी आहे हे माहीत असून सगळ्यांनी मिळून ती सोडून द्यायचं ठरवलं तर सगळेच बाद होतात, तुम्हीसुद्धा. तेव्हा त्यांचं कार्ड लिहायचं काम तुमच्याकडे असेल तर त्याच होलवर, एकटं गाठून, आवाज न चढवता म्हणा, ‘सर, बॉल हलला वाटतं, मूळ जागी ठेवूया का?’ बहुतेक माणसं तिथेच सावरतात. नाही सावरले तर त्यांच्या कार्डावर सही करू नका आणि कमिटीला सांगा.

प्रश्न : कॅडीने सेव्हन आयर्न दिलं, बॉल ग्रीनच्या मागे गेला, मॅच हरलो. मी त्याला चारचौघांत बोललो. मित्र म्हणतात चुकलं. आपण पैसे मोजतो ना? (कल्याणीनगर)

चुकलंच. त्याने क्लब सुचवला, मारला तुम्ही. नको वाटला असता तर एट आयर्न काढायला बॅग तुमचीच होती. पैसे मोजतो ते बॅग उचलण्याचे, बॉलवर नजर ठेवण्याचे, लाइन दाखवण्याचे. अपमान सोसण्याचे नव्हेत.

एकदा जरा त्याच्या हाताकडे बघा हो. ग्रीनवर बॉल पडून खड्डा होतो तो पिच मार्क, आपल्यातले निम्मे लोक फोर्क खुपसून खालून माती वर उचकटतात, त्याने मुळं तुटतात आणि तिथे महिनाभर पिवळा डाग राहतो. जाणता कॅडी कडेने फोर्क टोचून गवत चारी बाजूंनी मध्ये ढकलतो, आणि मग पटरच्या तळाने थोपटतो, भाकरी थापल्यासारखं, अगदी हलक्या हाताने, आणि वर तळवा फिरवून बघतो की उंचवटा राहिला का. मी हे एका कॅडीकडूनच शिकले. फेअरवेवरच्या डिव्हॉटचंही तसंच, आपल्याकडच्या बर्म्युडा गवताची निघालेली ढलपी परत ठेवली तर बऱ्याचदा वाळून जाते, त्यापेक्षा खड्ड्यात वाळू भरून पायाने सपाट केली की आजूबाजूचं गवत पसरून तो भरून काढतं. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर आल्यावर रेक मारून वाळू सारखी करणंही खरं आपलं काम, कॅडी करतो तो त्याचा मोठेपणा. आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय प्रोफेशनल अली शेर हेही कोर्सवर आधी कॅडी म्हणूनच होते, तेव्हा समोरच्या पोराला काय कळतं असं म्हणायच्या आधी थोडं थांबा.

ज्या चौघांसमोर बोललात त्याच चौघांसमोर माफी मागा. क्लबचा ठरलेला दर असतो तो कमीत कमी समजून त्यावर मनाने द्या, मॅच हरलो म्हणून हात आखडता घेऊ नका, आणि होल संपल्यावर स्वतः पाणी घेताना त्यालाही विचारा. जाता जाता, शॉटच्या आधी प्रतिस्पर्ध्याला ‘तू कुठलं आयर्न मारलंस’ विचारलं तर ती सल्ला मागितल्याची पेनल्टी आहे, आपल्या कॅडीला मात्र हवं ते विचारता येतं.

प्रश्न : बॉल कुंपणाबाहेर जाऊन पार्क केलेल्या गाडीची काच फुटली. पार्टनर म्हणाला, चल पुढे, कोणी बघितलं नाही. (खराडी)

परत जा. आजच. गाडीवर नाव आणि नंबर लिहून चिठ्ठी ठेवा, कोर्सच्या ऑफिसात नोंद करा. गोल्फर्स इन्शुरन्स म्हणून पॉलिसी मिळते, त्यात दुसऱ्याचं नुकसान, इजा आणि आपलं किट असं कव्हर असतं, वर्षभर खेळणाऱ्याने ती घ्यावीच असं माझं स्पष्ट मत आहे, अटी मात्र नीट वाचा. ज्या टीवरून बॉल सारखा बाहेर जातो तिथे ड्रायव्हरच्या ऐवजी आयर्न घ्या. स्कोअरचं म्हणाल तर पांढऱ्या खुंट्यांबाहेर गेला म्हणजे ओबी (आउट ऑफ बाउंड्स), एक स्ट्रोक लावून आधी मारला त्याच जागेवरून परत मारायचा, किंवा कोर्सचा तसा लोकल रूल असेल तर दोन स्ट्रोक लावून पुढे ड्रॉप (हातातून बॉल सोडून खेळायचं). पण काच आधी.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी गडगडायला लागलं तरी आमचा ग्रुप तीनच होल राहिलीत म्हणून खेळत राहिला. स्पर्धेत थांबलो तर बाद होतो का? (वानवडी)

नाही होत. विजेचा धोका वाटला तर हॉर्न वाजायची वाट न बघता खेळाडू स्वतः थांबू शकतो, नियमातच आहे ते, फक्त नंतर कमिटीला लवकरात लवकर कळवायचं. वळिवाची वीज पाऊस सुरू व्हायच्या आधीही पडते. मोकळ्या फेअरवेवर छत्री उघडून उभं राहू नका, एकट्या झाडाखाली तर नकोच, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही, सरळ क्लबहाउस किंवा बंद गाडी. कॅडींना बरोबर घेऊन जा, बॅगा सांभाळायला त्यांना मागे ठेवू नका. बॉल मार्क करून उचला, नाहीतर तिथेच राहू द्या, परत आल्यावर त्याच जागेवरून खेळायचं.