सगळं कळतं, मग करत का नाही?

प्रश्न : ताई, आम्ही राजारामपुरीत राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. चप्पल कुठं ठेवायची विचारलं की बरोब्बर सांगतो, रॅकमध्ये, आणि सांगता सांगताच दारात उडवून पळतो. सासूबाई म्हणतात लई हट्टी झालंय, दे दोन धपाटे. एक क्लासवाले म्हणतात मोबाईलवर ब्रेन गेम खेळवा. काय करू?

उत्तर : अगं हट्टी नाही गं तो. नियम माहीत असणं आणि ऐन वेळी तो पाळता येणं एकदम येत नाही. १९९६ साली झेलाझो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी हेच पत्त्यांवर दाखवलं. मुलांना चित्रांचे पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला सांगायचे, मग म्हणायचं आता आकाराप्रमाणे लाव. तीन वर्षांचं पोर नवा नियम तोंडानं नीट सांगतं आणि हात जातो जुन्याच गठ्ठ्याकडे! चार-पाचपर्यंत बहुतेकांना जमायला लागतं, पण ते शांतपणे टेबलावर, तुझ्याकडं टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, आत आजी हाक मारतीय, मग चप्पल कुठली आठवायला.

लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं, नियम बदलला की आपणही बदलणं, याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. कपाळामागचा मेंदू हे बघतो आणि तो पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते (काही नवऱ्यांची तर चाळिशी, असू दे). धपाट्यानं पोर तेवढ्यापुरतं थांबतं, पण ताणात हाच भाग आधी ढेपाळतो. आणि त्या गेमनं मूल फक्त गेममध्ये हुशार होतं, ते चपलेपर्यंत सहसा पोचत नाही, पैसे घालवू नको.

रॅकवर त्याच्या चपलेचं चित्र चिकटव. दार उघडायच्या आधीच विचार, आत गेल्यावर पहिलं काय? चप्पल ठेव, हात धू, डबा काढ असं एका दमात नको, एकावेळी एकच. 'चप्पल ठेवायची, चप्पल ठेवायची' असं स्वतःशी बडबडला तर गप्प करू नको, मुलं अशीच स्वतःला आवरायला शिकतात. संध्याकाळी रंकाळ्यावर 'चिमणी उड' खेळा, म्हैस उड म्हटल्यावर हात खाली ठेवणं हाच खरा व्यायाम, आणि राज्य सासूबाईंवरच दे, त्यांना म्हशी उडवायला मजा येईल.

शाळेतनं मॅडमचीही सारखी हीच तक्रार येत असेल, बरोबरीच्या पोरांपेक्षा तो फारच मागं वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. नुसत्या चपलेसाठी नको.