मनात द्वेष नसतानाही भाडेकरू 'आपल्यातलाच' का हवा असतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सोसायटीत कोणी कोणाच्या जातीधर्माबद्दल वाकडं बोलत नाही, सणावाराला फराळाची ताटं इकडून तिकडे जातात, पण फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं की ब्रोकरला 'आपल्यातलंच कोणी बघा' असं सांगितलं जातं. द्वेष नाही, मग हे येतं कुठून? आणि माणसं शेजारी शेजारी राहिली की हे आपोआप कमी होईल का? मी कॉलेजात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं. त्यातला हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

भेदभाव करायला द्वेष लागतच नाही. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायची सवय पुरते.

हे सगळ्यात स्वच्छ दाखवलं ते मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी. 1919 साली पोलंडमध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना ते जर्मनांच्या हाती लागले. आपण पोलिश ज्यू आहोत हे लपवून युद्धकैद्यांच्या छावणीत तगून राहिले. सुटून आले तेव्हा घरचं कोणी उरलं नव्हतं. या माणसाने पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये प्राध्यापक असताना विचारलेला प्रश्न असा: 'आपण' आणि 'ते' सुरू व्हायला कमीत कमी काय लागतं?

त्यांनी 14-15 वर्षांची शाळकरी मुलं घेतली. पॉल क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवून कोणती आवडली ते विचारलं आणि प्रत्येकाला 'तू अमक्या गटातला' असं सांगितलं. प्रत्यक्षात गट कसेही पाडलेले होते, आवडीनिवडीशी त्यांचा काही संबंध नव्हता. आपल्या गटात आणखी कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून दोन अनोळखी मुलांना गुण वाटायला दिले, आणि त्या गुणांचे त्यांना पैसे मिळणार होते. त्यातला एक आपल्या गटातला, दुसरा परक्या गटातला. वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून एक पैसाही मिळणार नव्हता.

एका तक्त्यात पर्याय असे होते: एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला 7 आणि परक्याला 1, मधोमध दोघांनाही 13, आणि दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला 19 पण परक्याला 25. आपल्या गटाचं भलंच करायचं असेल तर 19 घ्यावेत, हिशेब सरळ आहे. पण तिथे परका वर जातो. मुलं त्या टोकाकडे गेली नाहीत. समान वाटणीची ओढ त्यांच्यात होतीच, तरी निवडी झुकल्या त्या आपला मुलगा परक्याच्या थोडा पुढे राहील अशा बाजूला. त्यासाठी आपल्याच मुलाचे गुण घटले तरी त्यांना चाललं.

हाच तक्ता मी वर्गात द्यायचो, सम आणि विषम रोल नंबरांचे दोन गट करून. भरून झाल्यावर कारण विचारलं की हमखास कोणीतरी म्हणायचं, 'सर, त्यांच्याबद्दल आमचं काही नाही, पण आपली पोरं मागे का राहावीत?' हे अगदी मनापासून असायचं. तुमचे शेजारीही मनापासूनच बोलत असणार.

अर्थात, जात म्हणजे रोल नंबर नव्हे. ताजफेल यांचे गट एका पातळीवरचे होते, आपल्याकडे उतरंड आहे. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं, आणि तो शब्द मनात ठेवल्याशिवाय परदेशातले प्रयोग इथे लावू नयेत. ज्यांच्या हातात घरं आणि नोकऱ्या आहेत त्यांनी फक्त 'आपल्यांना' मदत करायचं ठरवलं, तरी बाकीच्यांच्या तोंडावर दार बंद होतं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, वेगळी होती ती फक्त नावं. 2007 साली निष्कर्ष छापून आले: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात द्वेष होता असं मानायची गरज नाही. पण ज्याला बोलावणं आलं नाही त्याचं नुकसान त्यामुळे कमी होत नाही. तुमच्या ब्रोकरने परत पाठवलेल्या कुटुंबाचंही होत नाही.

आता शेजाराचं. शेजारी राहून हे गेलं असतं तर आपल्या गावांतून जात कधीच गेली असती. पाटील आणि महार पिढ्यानपिढ्या रोज एकमेकांना बघत होते, एकमेकांवाचून दोघांचंही चालत नव्हतं. तरी पाणी वेगळं ते वेगळंच राहिलं आणि 1927 साली चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. सहवास होता, बरोबरी नव्हती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये हेच मांडलं: नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. भेटताना दोघांचा दर्जा सारखा हवा, साधायचं काही सामाईक हवं, ते मिळून करावं लागावं आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा.

त्याच्या तीस वर्षं आधी हे साताऱ्यात घडत होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली तिथे वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातीधर्मांची मुलं ठेवली. ती एकत्र जेवायची, आणि स्वयंपाक, साफसफाई, शेतातलं काम हेही मिळून करायची. एकाच पंगतीत बसवणं ही सुरुवात झाली. ज्या भाकऱ्या खायच्या त्या सगळ्यांनी मिळून थापायच्या, यात त्या वसतिगृहाची खरी ताकद होती, असं मला वाटतं. आजच्या ताटात भाकरी आहे ती कोणाच्या हातची, हा प्रश्नच तिथे उरत नाही. आणि या सगळ्याच्या पाठीशी अण्णा, म्हणजे भाऊराव, उभे होते, पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. गावातल्या कुरकुरीपुढे दोघं वाकले नाहीत. मी शिकवताना ऑलपोर्टच्या आधी हे वसतिगृह सांगायचो, आणि आजही तसंच सांगेन.

अलीकडचा पुरावा क्रिकेटचा आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुणांना घेऊन क्रिकेटच्या लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीचे ठेवले, काही मिसळून, आणि कोण कुठे जाईल हे चिठ्ठीवर सोडलं. 2021 मध्ये निष्कर्ष आले. जे दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर एका संघात खेळले त्यांच्या जातीबाहेर मैत्र्या झाल्या, आणि बक्षीस कोणाला द्यायचं याचं मत देताना स्वजातीला झुकतं माप देणंही कमी झालं. दुसऱ्या जातीशी भेट फक्त प्रतिस्पर्धी म्हणून झाली, तिथे हा फायदा दिसला नाही, उलट काही बाबतींत तोटाच दिसला. मैदान, खेळ, गाव, सगळं तेच. फरक एवढाच की माणूस आपल्या बाजूने खेळत होता की समोरून.

तुमच्या फराळाच्या ताटांबद्दल एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींचा शहरवार अभ्यास केला. त्यात दिसलं की सणाला येणं-जाणं, मुलांचं एकत्र खेळणं हे छानच, पण शहरात ताण आला की ते पुरत नाही. टिकतात त्या संघटना, मंडळं, युनियन, जिथे दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांशी सतत काम पडतं. भिवंडीत 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या. पुढे सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे लोक त्यात नियमित बसायचे, दंगल नसतानाही. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

तेव्हा सोसायटीत काय करता येईल? मनं बदलायची वाट बघू नका, आधी पद्धत बदला. भाडं, डिपॉझिट, नोंदणीकृत करार, पोलीस पडताळणी या अटी ब्रोकरला लिहून द्या आणि आडनाव करार करतानाच बघायचं असं ठरवा. अट आधी ठरली की 'जरा वेगळंच कुटुंब वाटलं' म्हणायला जागा उरत नाही. सोसायटीच्या एनओसीचं कारण कोणी पुढे केलं तर उपविधी काढून दाखवा. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदस्याला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सोसायटीला कळवायचं असतं.

नवीन कुटुंब आलं की त्यांना पहिल्या महिन्यातच कामात ओढा. पाण्याच्या टँकरचा हिशेब, गच्चीची गळती, गणपतीची वर्गणी, काहीही चालेल. पाहुणा म्हणून मानाने बसवून ठेवू नका. क्रिकेटचे सामने भरवत असाल तर विंगवार संघ करू नका, चिठ्ठ्या टाका. आणि हे सगळं अध्यक्षांनी किंवा सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभेत स्वतःच्या तोंडाने जाहीर केलं पाहिजे. एकट्या सदस्याने मांडलं तर तो 'त्याचा विचार' ठरतो आणि विषय तिथेच संपतो. सभेआधी त्या दोघांना घरी जाऊन भेटा.