रेस दिली की मशीन बंद पडतं

प्रश्न : आमची दापोलीजवळ आंबा-काजूची बाग आहे. झाडं कापायचं पेट्रोलवरचं चेनसॉ मशीन पावसाळाभर पडवीत होतं. आता दोरी ओढली की चालू होतं, पण रेस दिली की बंद पडतं. शिवाय कापताना चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी एका अंगाला वळते आणि तिचं टोक निळं पडलंय. दुकानदार कार्बोरेटर बदला म्हणतो. घरी काही करता येईल का?
– एक बागायतदार

उत्तर : नक्की करता येईल. कार्बोरेटरची घाई करू नका. मशीन पावसाळाभर ठेवलं होतं म्हणता, म्हणजे टाकीत जुनं पेट्रोल राहिलं असणार. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याला पाण्याची काय कमी!

आधी प्लगची टोपी काढून ठेवा, मगच मशीनला हात लावा. टाकी पूर्ण रिकामी करा. तारेच्या आकड्याने आतली नळी बाहेर ओढली की टोकाला छोटा फिल्टर दिसेल, तो नवा घाला. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून ताजं पेट्रोल भरा (तुमच्या पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर ४० मिली). एअर फिल्टर झटकून साफ करा. टोपी परत बसवून मशीन चालू करा. अजूनही बंद पडत असेल तर टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. तेवढ्याने नीट चाललं, तर टाकीत हवा जाण्याचं भोक बुजलंय.

तरीही फरक नसेल तर कार्बोरेटरच्या झाकणाखालचा पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, पाहा. तो मऊ हवा. कडक, सुरकुतलेला असेल तर फक्त डायफ्रॅमचं किट आणा, अख्खा कार्बोरेटर नको. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढा. आणि बाहेरचे दोन मिश्रणाचे स्क्रू अंदाजाने पिळू नका, ही माझी हात जोडून विनंती. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि पिस्टन जळतो.

निळं टोक म्हणजे चेनला तेल मिळत नाही. फणसाचा चीक आणि भुसा यांचा लगदा पट्टीच्या खाचेत घट्ट बसतो. पट्टी काढून हॅकसॉच्या तुटक्या पात्याने खाच खरवडा, तेलाचं भोक तारेने मोकळं करा आणि पट्टी उलटी बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. मग कोऱ्या पुठ्ठ्यासमोर टोक धरून रेस द्या. तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटली पाहिजे.

वाकड्या कापाचं कारण मी स्वतः भोगलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आम्ही श्रीवर्धनकडे कित्येक दिवस रस्त्यावरची झाडं कापत होतो. रोज रात्री बॅटरीच्या उजेडात मी धार लावायचो. एका आडव्या आंब्यात पट्टी वळत वळत अडकली, ती निघता निघेना. पट्टी वाकली असं समजून मी नवी घातली, तरी तेच. शेवटी दात मोजले. उजव्या हाताला सोप्या पडणाऱ्या बाजूचे दात मी नीट घासले होते, दुसऱ्या बाजूचे बोथटच होते. जिकडे धार जास्त, तिकडे काप वळतो.

तुम्ही गोल कानस घ्या. बारीक लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, ०.३२५ इंची चेनला ४.८ मिमी. दातावरच्या रेघेला समांतर, साधारण ३० अंशांत, आतून बाहेर ढकला आणि परत आणताना उचला. सगळ्यात आखूड दात शोधून बाकीचे त्याच्याइतके करा, मग दोन्ही बाजूंना मोजून सारखेच हात मारा. हातात जाड मोजे असू द्या.

एवढं करूनही रेसवर बंद पडलं तर सायलेन्सर काढून आत टॉर्च मारा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर पुन्हा दोरी ओढू नका. ते काम घरचं नाही, मशीन आहे तसं कारागिराकडे न्या.