एस्टरच्या दोन्ही बाजूंना शाखा असतील तर क्रमांक कुठून मोजायचे?

एस्टर म्हणजे आम्लाचा आणि अल्कोहोलचा तुकडा ऑक्सिजनने जोडलेला रेणू. तुमच्या रेणूत कार्बोनिलसकट (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेला कार्बन) तीन कार्बन आम्लाकडे आहेत आणि मधल्यावर क्लोरीन. ऑक्सिजनच्या पलीकडेही तीन कार्बन, तिथे मधल्यावर मिथिल (एका कार्बनची शाखा, CH₃). तुम्ही सहाही कार्बन सलग मोजून '२-क्लोरो-५-मिथिलहेक्झानोएट' लिहिलंत. मीही शिकताना हेच करायचो. ऑक्सिजन मध्ये आला की कार्बनची साखळी तिथेच संपते, हे ध्यानातच यायचं नाही.

ज्या ऑक्सिजनला फक्त एकेरी बंध आहेत, त्याच्यावर पेन्सिलीने उभी रेघ मारा. आता दोन तुकडे, दोन वेगळ्या मोजण्या. कार्बोनिलच्या तुकड्यात कार्बोनिलचा कार्बनच १ (हा मोजायचा राहून जातो आणि सगळे आकडे एकने घसरतात). म्हणजे क्लोरीन २ वर: २-क्लोरोप्रोपेनोएट. दुसऱ्या तुकड्यात ऑक्सिजनला चिकटलेला कार्बन १, म्हणून २-मिथिलप्रोपिल. दोन्हीकडे मोजणी रेघेपासून बाहेर जाते. आम्लाच्या बाजूला क्लोरीन पार शेवटच्या कार्बनवर असला, तरी लहान आकडा मिळावा म्हणून उलटं मोजता येत नाही.

पूर्ण नाव: २-मिथिलप्रोपिल २-क्लोरोप्रोपेनोएट. मधली मोकळी जागा नावाचाच भाग आहे, ती गाळू नका. ऑक्सिजनकडचा गट नेहमी आधी येतो. इथे वर्णक्रमाने क्लोरो आधी यायला हवा, असं वाटेल, पण तो क्रम एकाच तुकड्यातल्या शाखांपुरता. आणि तो लावायचा इंग्रजी स्पेलिंगवरून: ब्रोमो, क्लोरो, मिथिल.

ऑक्सिजन तीन कार्बनच्या साखळीत मधल्या कार्बनला जोडलेला असेल तर मात्र हल्ली साखळीच्या टोकापासून मोजून 'प्रोपान-२-इल' असं लिहितात. जुन्या पुस्तकांत त्यालाच १-मिथिलइथिल म्हटलेलं दिसेल. दोन्ही एकच.

तुम्ही शेवटी विचारलंत, की सोबत हायड्रॉक्सिल (OH) किंवा कीटोन (दोन कार्बनांमधला C=O) गट असेल तर? एस्टर त्यांच्याहून वरचढ, त्यामुळे ते 'हायड्रॉक्सी' आणि 'ऑक्सो' होऊन शाखांच्या रांगेत बसतात. उदाहरणार्थ, इथिल ३-ऑक्सोब्युटेनोएट. पण त्याच रेणूत कार्बोक्झिलिक आम्ल (COOH) असेल तर एस्टरचाच मान जातो. ॲस्पिरिनमध्ये एस्टर आहे, तरी त्याचं नाव २-असिटिलऑक्सीबेन्झोइक आम्ल.