‘नागरी परमाणू संधी’ की ‘अणुसहकार्य करार’?

विचारणा एका वाक्याबद्दल आहे. २०१६ च्या भारत-जपान कराराविषयीच्या लेखात ते आलं होतं: ‘जपानने भारताशी नागरी परमाणू संधी करताना अणुचाचणीबंदीची अट घातली.’ विचारणाऱ्याला तीन शंका आहेत. ‘संधी’ बरोबर की ‘करार’? ‘नागरी’ म्हणजे शहरी की नागरिकांचं? आणि याच लेखात पुढे आलेला ‘अप्रसार’ हा शब्द आपल्या ओळखीच्या ‘अण्वस्त्रप्रसारबंदी’पेक्षा वेगळा आहे का?

‘परमाणू’ आणि ‘संधी’ दोन्ही हिंदीतून जसेच्या तसे उचललेले आहेत, आणि दोन्ही मराठीत फसवे आहेत. मराठी शास्त्रीय परिभाषेत पदार्थाचा मूळ कण तो अणू आणि अणू एकत्र येऊन बनतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणून हिंदीत परमाणु ऊर्जा, मराठीत अणुऊर्जा. त्यांचं परमाणु बम, आपला अणुबाँब. आपल्या शाळेतला मुलगा अणू-रेणू शिकून आलेला असतो, त्याच्यासमोर परमाणू ठेवला तर अणूहूनही लहान असं काहीतरी असावं असं त्याला वाटेल. (सुटा शब्द ‘अणू’ दीर्घ, समासात ‘अणु’ ऱ्हस्व, जसं कवी आणि कविसंमेलन. अणु अधिक अस्त्र यांचा संधी होऊन अण्वस्त्र.)

‘संधी’चं तर विचारूच नका. व्याकरण सोडलं तर आज मराठीत संधी म्हणजे मोका. ‘भारताला अप्रसार संधी मान्य नाही’ हे वाक्य वाचून सामान्य वाचक क्षणभर अडखळतोच. दोन राज्यांमधल्या लेखी समझोत्याला आपल्याकडे जुना शब्द आहे तह: पुरंदरचा, साल्बाईचा, वसईचा. पण तह हा बहुधा लढाईनंतरचा, आणि त्यात एक बाजू नमलेली असते. शांतकाळात, बरोबरीच्या नात्याने, अटी-शर्ती ठरवून केलेल्या व्यवहाराला मराठी माणूस करार म्हणतो. अणुकरार हा शब्द २००५ ते २००८ या काळात भारत-अमेरिका कराराच्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी इतका रुळवला की तो आता बदलण्याचं काही कारण उरलेलं नाही. तेव्हा पहिल्या शंकेचं उत्तर: करार, आणि तोही अणुकरार.

खरा गुंता ‘नागरी’चा आहे, आणि तिथे जरा थांबायला हवं.

इंग्रजीतल्या ‘सिव्हिल’ला मराठीने कधीच एक ठरावीक शब्द दिला नाही, आणि हे मराठीचं शहाणपण आहे. मराठीने दर वेळी पाहिलं की समोर विरुद्ध काय उभं आहे. फौजदारीच्या विरुद्ध असेल तर दिवाणी दावा. लष्कराच्या विरुद्ध असेल तर मुलकी कारभार. सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी सनदी झाला, कारण कंपनीच्या काळात त्याची नेमणूक सनदेने, म्हणजे करारपत्राने होत असे. सिव्हिल इंजिनिअरिंग ही स्थापत्य अभियांत्रिकी. सिव्हिल वॉरला तर थेट यादवांच्या कुलनाशाची आठवण ठेवून यादवी म्हटलं, आणि कायदेभंगाला सविनय. ‘नागरी’ हा या सगळ्यांत उशिरा स्थिरावलेला आणि सगळ्यात पसरट शब्द. समान नागरी कायद्यात तो व्यक्तीच्या हक्कांकडे बोट दाखवतो, नागरी विमान वाहतुकीत लष्करी नसलेपणाकडे, आणि नागरी सहकारी बँकेत किंवा नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात सरळ शहरी असा अर्थ देतो. त्यामुळे ‘नागरी अणुऊर्जा’ वाचून कुणाला शहरांसाठीची वीज वाटली तर दोष वाचकाचा नाही.

मग बिगरलष्करी म्हणावं का? किंवा जुना, घोटीव मुलकी? पुष्कळ जाणकार हाच सल्ला देतील. ऐकायला तो बरोबरही वाटतो. पण तो भारत-अमेरिका करार उघडून पाहिला की ‘नागरी’च्या विरुद्ध तिथे ‘लष्करी’ उभं नाही, असं दिसतं.

१८ जुलै २००५ रोजी मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी वॉशिंग्टनमध्ये संयुक्त निवेदन काढलं. त्यात भारताने कबूल केलं की आपले नागरी अणुप्रकल्प वेगळे काढून ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निगराणीखाली आणू. मार्च २००६ मध्ये विभागणीचा आराखडा ठरला. त्या वेळी चालू असलेल्या आणि बांधकाम सुरू असलेल्या वीजनिर्मितीच्या २२ अणुभट्ट्यांपैकी १४ निगराणीखाली जाणार, ८ बाहेर राहणार. आता तारापूरकडे पाहा. तिथल्या १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या. त्या यादीत नागरी ठरल्या. त्यांच्या शेजारच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, भारतीय बनावटीच्या. त्या निगराणीबाहेर राहिल्या. या चारही भट्ट्या विजेसाठीच आहेत. ती एकाच जाळ्यात जाते. ३ आणि ४ मध्ये सैनिक बसलेले नाहीत. कल्पाक्कमच्या दोन आणि कैगाच्या चार भट्ट्यांचंही तसंच.

म्हणजे या करारात नागरी हे विशेषण भट्टीच्या कामाला लागत नाही, विजेलाही लागत नाही. भट्टीतल्या इंधनाचा हिशेब कोणाला तपासू द्यायचा, हे तो शब्द सांगतो. समोरच्या गटाला आराखड्यात सामरिक महत्त्वाचे प्रकल्प म्हटलं आहे, म्हणजे ज्यांचा हिशेब देश स्वतःपुरता ठेवतो ते. तारापूर ३ ला ‘लष्करी अणुभट्टी’ म्हणणं चूक, आणि तारापूर १ ला ‘बिगरलष्करी’ म्हटलं की वाचक हीच चूक आपोआप करतो, कारण नकारार्थी शब्द आपल्या पाठीमागे होकारार्थी जोडीदार घेऊन येतो. म्हणून माझं मत असं: कराराचं नाव सांगताना नागरी ठेवा, तो आता त्या करारापुरता पारिभाषिक शब्द आहे. पण विभागणी समजावून सांगायची असेल तर निगराणीखालच्या आणि निगराणीबाहेरच्या भट्ट्या असं सरळ लिहा. अर्थ शंभर टक्के पोचतो.

इथे निगराणी शब्दाचीही बाजू घेतो. बऱ्याच भाषांतरांत इंग्रजी ‘सेफगार्ड्स’साठी त्याजागी सुरक्षा उपाय किंवा सुरक्षक तरतुदी असं येतं. त्यातून अणुसंस्थेचे निरीक्षक भट्टीचं रक्षण करायला येतात असं चित्र उभं राहतं. ते रक्षण करत नाहीत. ते मोजतात. इंधन किती आलं, किती जळलं, वापरलेल्या इंधनाचे जुडगे किती, साठ्यावरचं सील जसंच्या तसं आहे का, कॅमेऱ्यात मधल्या काळात काही हललेलं दिसतं का. युरेनियम किंवा प्लुटोनियम दुसरीकडे वळवलं गेलं नाही एवढंच त्यांना सिद्ध करायचं असतं. अपघात टाळणं ही सुरक्षितता, घातपात आणि चोरी रोखणं ही सुरक्षा, आणि हे तिसरं काम. त्याला निगराणी किंवा देखरेख म्हणावं.

आता कुणी म्हणेल, नागरीपेक्षा शांततामय हा शब्द सोपा होता, तोच का नाही चालवला? तो चालवलाच होता. मुत्सद्देगिरीने त्याचा पार भुगा केला. ट्रॉम्बेची सायरस ही संशोधन भट्टी १९५६ च्या करारानुसार कॅनडाने दिली, तिला लागणारं जड पाणी अमेरिकेने पुरवलं, आणि दोन्हीकडे भारताने शांततामय कामांसाठीच वापराची हमी दिली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. भारताने सांगितलं, हा शांततामय अणुस्फोट आहे, हमी मोडलेली नाही. आज हे ऐकताना शब्दच्छल वाटतो, पण त्या काळात स्फोटाने कालवे खणणे, खनिज मोकळं करणे या कल्पनांवर अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोघेही गंभीरपणे काम करत होते. अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या प्रसारबंदी कराराच्या पाचव्या कलमातही शांततामय स्फोटांपासूनच्या लाभांची तरतूद आहे. कॅनडाला मात्र हा अर्थ मुळीच मान्य नव्हता. त्याने सहकार्य थांबवलं, आणि अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांनी एकत्र येऊन आपला पुरवठादार गट बांधला. तेव्हापासून शांततामय या एका शब्दावर कुणी विसंबत नाही. २००८ च्या भारत-अमेरिका करारात पुरवलेली सामग्री कोणत्याही अणुस्फोटक साधनासाठी, त्याच्या संशोधनासाठी किंवा कोणत्याही लष्करी कामासाठी वापरायची नाही, असं फोडून लिहिलं आहे. मला या प्रकरणातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. एक विशेषण अपुरं पडलं, म्हणून पुढच्या पिढीच्या मसुदाकारांना पूर्ण वाक्य लिहावं लागलं.

मूळ वाक्यातली सगळ्यात मोठी चूक मात्र ज्या शब्दाबद्दल विचारलेलं नाही त्यात आहे: ‘अणुचाचणीबंदी’. बंदी म्हणजे बाहेरच्या कायद्याने किंवा कराराने घातलेला मज्जाव. दारूबंदी पिणाऱ्याच्या मर्जीवर नसते. तशी बंदी सर्वंकष चाचणीबंदी करारात आहे, आणि १९९६ मध्ये भारताने तो करार नाकारला. भारताने १९९८ च्या चाचण्यांनंतर जे जाहीर केलं ती स्वेच्छेने, एकतर्फी दिलेली चाचणी-स्थगिती. स्थगिती देणाराच ती उठवू शकतो. या दोन शब्दांमधलं अंतर राखण्यासाठी भारतीय अधिकारी वर्षानुवर्षे झगडले. पुरवठादार गटाची व्हिएन्नामध्ये बैठक चालू असताना, ५ सप्टेंबर २००८ रोजी, परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी निवेदन काढून स्थगितीचा पुनरुच्चार केला. दुसऱ्या दिवशी गटाने भारताला अणुव्यापाराची सवलत दिली. पुनरुच्चार केला, बंधन पत्करलं नाही. अमेरिकेशी झालेल्या करारात चाचणीचा उल्लेखच नाही. कोणताही पक्ष वर्षभराची लेखी सूचना देऊन करार संपवू शकतो एवढं कलम आहे, आणि चाचणी झाली तर काय, हे दोन्ही बाजूंनी त्या कलमाच्या पोटात ठेवून दिलं.

जपानशी करार ११ नोव्हेंबर २०१६ रोजी टोकियोमध्ये झाला आणि २० जुलै २०१७ पासून अमलात आला. अणुहल्ला सोसलेला देश प्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी असा करार पहिल्यांदाच करत होता, त्यामुळे जपानमध्ये त्याला मोठा विरोध होता. तोडगा म्हणून कराराबरोबर एक वेगळी टीप जोडली गेली. ५ सप्टेंबर २००८ च्या भारतीय निवेदनाविरुद्ध कृती झाली तर आपण सहकार्य थांबवू शकतो, हे जपानचं मत तिच्यात नोंदवलं आहे. भारताची भूमिका अशी की हे जपानचं मत आहे, ते नोंदवून घेतलं, आपली वचनं जुनीच आहेत, नवं काही स्वीकारलेलं नाही. तेव्हा ‘अट घातली’ असं लिहिणं म्हणजे दोन देशांनी महत्प्रयासाने मोकळी ठेवलेली जागा आपल्याच पदरचा शब्द घालून बुजवणं. मी ते वाक्य असं लिहीन: ‘भारताशी नागरी अणुसहकार्य करार करताना, भारताने चाचणी-स्थगिती मोडली तर सहकार्य थांबवण्याचा आपला हक्क जपानने वेगळ्या टिपेत नोंदवून ठेवला.’ लांब झालं, पण खरं झालं.

राहिला अप्रसार. अर्थ तोच, करार तोच: १ जुलै १९६८ रोजी सह्यांसाठी खुला झालेला, ५ मार्च १९७० पासून अमलात असलेला. पण अप्रसार म्हटलं की प्रसार झाला नाही एवढीच स्थिती कळते. तो कुणी रोखला हे कळत नाही. प्रसारबंदीत कृती आहे, आणि दारूबंदी-हुंडाबंदीच्या वळणाचा तो समास कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. फक्त त्यातला ‘प्रसार’ गाळून मथळ्यासाठी ‘अण्वस्त्रबंदी करार’ करू नये. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अण्वस्त्र बनवून स्फोट केला त्या पाच देशांना हा करार अण्वस्त्रधारी मानतो आणि बाकीच्यांना मज्जाव करतो. निःशस्त्रीकरणासाठी वाटाघाटी करण्याचं वचन त्या पाचांकडून घेतलं, पण मुदत घातली नाही. भारताचा सगळा आक्षेप याच भेदावर आहे. प्रसार गाळला की तो आक्षेपच दिसेनासा होतो आणि भारत अण्वस्त्रं नष्ट करायला नकार देणारा हेकट देश ठरतो. शिवाय २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत खरोखरीचा अण्वस्त्रबंदी करार मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. त्यावर भारताची सही नाही, आणि जपानचीही नाही. ‘अण्वस्त्रबंदी करारावर सही न करणाऱ्या भारताशी जपानचा करार’ असा मथळा दिला तर तो दोन्ही देशांना सारखाच लागू पडेल.