मांजर दवाखान्याला घाबरते, म्हणून नेणंच टाळलं

एका बाईंची मांजर मनी, सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी लसीसाठी नेताना तिने त्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला, नेण्याच्या पेटीत लघवी केली, दवाखान्यात टेबलाखाली जाऊन बसली आणि घरी आल्यावर दोन दिवस कपाटामागून बाहेर आली नाही. त्यानंतर बाईंनी तिला नेलंच नाही. आता ती एकाच बाजूने चावते, खाताना मध्येच थांबते, तोंडाला वास येतो. दाताचं दुखणं असावं हे त्यांना कळत होतं. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच: "पुन्हा धरून पेटीत कोंबलं, तर तिचा माझ्यावरचा विश्वास कायमचा उडेल का?"

मांजर पाळणारे हा प्रश्न फार वेळा विचारतात. त्यामागे माया असते आणि अपराधीपणाही, म्हणून "काही होत नाही, घेऊन जा" एवढं सांगून भागत नाही. मी बाईंना सांगितलं ते असं: एका सक्तीच्या फेरीने नातं तुटत नाही, रोजच्या सहवासाने ते सावरतं. मात्र मांजर दुखणं लपवते. दात ठणकत असतानाही ती खात राहते, त्यामुळे "खातेय ना, मग बरं आहे" हा दिलासा फसवा असतो.

मग मी विचारलं, पेटी एरवी कुठे असते? माळ्यावर. म्हणजे ती खाली यायची फक्त दवाखान्याच्या दिवशी, धुळीचा आणि जुन्या लघवीचा वास घेऊन. मनीची भीती डॉक्टरांच्या टेबलावर सुरूच होत नव्हती. माळ्यावरून पेटी उतरल्याचा आवाज आला की ती पलंगाखाली पळायची. तिथून तिला ओढून काढणं, मागचे पाय धरणं, दार लोटणं. डॉक्टर दिसेपर्यंत ती घाबरून अर्धमेली झालेली असायची.

पेटी कडक प्लास्टिकची आणि वरचा अर्धा भाग सुटणारी हवी. मांजरीला आत उभं राहता यावं, वळता यावं, एवढी मोठी पुरे. वरून उघडणारं दार असेल तर फारच सोय. बाईंची पेटी तशीच होती. ती लघवीचा वास मोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणाने धुवायला सांगितली. फिनाईल मांजरांना विषारी, ते वापरायचंच नाही. मग झाकण काढून नुसता तळ, मनीची न धुतलेली चादर घालून, ती दुपारी झोपते त्या कोपऱ्यात ठेवला. रोजचं आवडतं खाणं आधी तळाशेजारी, मग काठावर, मग आत. ती आपणहून आत झोपू लागल्यावर झाकण बसवलं, दार मात्र काढलेलंच. पुढे दार बसवून ते क्षणभर लोटायचं आणि आतलं खाणं संपायच्या आधी उघडायचं. मग पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग पेटी उचलून खोलीभर फिरायचं, मग इंजिन बंद असलेल्या गाडीत ठेवायची, मग इंजिन सुरू करायचं. एका वेळी दोन ते पाच मिनिटं पुरतात.

अडलं ते दाराशी. ती आत निवांत खातेय हे पाहून बाईंनी त्याच दिवशी दार लावलं आणि पेटी उचलली. मनी चार दिवस पेटीकडे फिरकली नाही. घाईत एकाच वेळी दोन नव्या गोष्टी झाल्या की मांजर पुन्हा जुन्या आठवणीवर जाते. उपाय एकच, दोन पायऱ्या मागे: झाकण पुन्हा काढलं. कान आडवे, बाहुल्या विस्फारलेल्या, शेपूट अंगाखाली आणि अंग गोठल्यासारखं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबायचं.

बाईंना सगळ्यात जड गेलं ते औषध. "गुंगी देऊन नेणं म्हणजे तिला फसवणं नाही का?" मला तसं वाटत नाही. भीतीने मांजरीची रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, तपासणीचे आकडेच चुकीचे येतात. डॉक्टर अशा मांजरींना बरेचदा गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं, थोडी गुंगी आणणारं औषध देतात: मोठ्या मांजरीला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम, निघण्याआधी दोन-तीन तास. मात्रा डॉक्टरच ठरवतात, कारण किडनीचा त्रास असेल तर ती कमी करावी लागते. माणसांचं पातळ गॅबापेंटिन स्वतःहून द्यायचं नाही. कॅप्सूलची पूड कडू असते, ती थोड्याशा ओल्या खाण्यात कालवावी. एक मात्रा आधी घरीच देऊन पाहावी; चाल थोडी डगमगते, त्यामुळे त्या दिवशी उंचावर चढू द्यायचं नाही. प्रवासाच्या भीतीसाठी प्रीगॅबालिन या तशाच औषधाचं खास मांजरांसाठीचं द्रावण युरोपात २०२१ साली आणि अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालं. हा त्रास औषधाच्या योग्यतेचा आहे, लाड नव्हे, हे त्यावरून बाईंना पटलं.

डॉक्टरांना त्यांनी आधीच फोन केला: गर्दी नसलेली वेळ, थेट आत घेणं आणि मानगूट न धरणं. अमेरिकेतील व आंतरराष्ट्रीय मांजर-वैद्यक संघटनांनी २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनातही मानगूट धरणं टाळायला सांगितलं आहे, तेव्हा ही विनंती करताना संकोच नको. निघण्याआधी पंधरा मिनिटं पेटीत फेरोमोनचा, म्हणजे मांजरांना शांत करणाऱ्या गंधद्रव्याचा, फवारा मारला. तो वाळल्यावरच मांजर आत. पोट फार भरलेलं नको, नाहीतर गाडीत उलटी होते. (मधुमेही मांजर किंवा लहान पिल्लू असेल तर उपाशी ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.) पेटी मुठीला धरून हिंदकळत न्यायची नाही, तळाला दोन्ही हात लावून न्यायची. गाडीत पुढच्या सीटमागे खाली पायाशी ती घट्ट बसते. वर टॉवेल. दवाखान्यात मात्र जमिनीवर ठेवू नये, खुर्चीवर ठेवावी आणि दार कुत्र्यांकडे नको. आत गेल्यावर मनीला ओढून काढलं नाही. झाकण काढलं आणि तळात बसल्या बसल्याच डॉक्टरांनी पोट, छाती, तोंड पाहिलं, डोक्यावर टॉवेल होता. बाईंचे हात थरथरत होते. त्यांनी धरायचं नाही, नुसतं जवळ उभं राहून हळू बोलायचं, हे आधीच ठरलं होतं.

ही सारी तयारी वेळ हाताशी असेल तेव्हाची. बोका मातीत पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, मांजर तोंड उघडून धापा टाकतेय किंवा दिवसभर काहीच खात नाही, तर शिकवत बसू नये. टॉवेलात गुंडाळून पेटीत घालावं आणि तडक निघावं. तेव्हाच्या ओरखड्यांचा अपराधीपणा मनाला लावून घेण्याचं कारण नाही.

घरी आल्यावर एक अडचण उरली होती. बाईंचा दुसरा बोका मनीवर फिस्कारला, कारण तिच्या अंगाला दवाखान्याचा वास होता आणि त्याला ती ओळखूच आली नाही. म्हणून तिला रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवलं, दोघांच्या अंगावरून एकच फडकं फिरवलं आणि सकाळी दार बोटभर उघडून दोन्ही बाजूंना खाणं ठेवलं. दातांसाठी भूल देऊन एक दात काढायचा आहे. तारीख ठरली आहे, आणि पेटी कोपऱ्यातच आहे, झाकण काढलेली.